वाचलेल्याची फिर्याद

ज्याचा जीव जाता जाता राहिला त्याने मागे उरलेल्या दुःखाबद्दल तक्रार करावी की करू नये, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहारातला, किंबहुना शिष्टाचारातला वाटतो. परंतु जरा खोल उतरून पाहिले तर तो धर्मविचाराच्या गाभ्याशी जाऊन भिडतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आपल्या समाजाने ह्या प्रश्नाचा निकाल फार पूर्वीच लावून टाकलेला आहे. पुरातून वाचलेल्याने वाहून गेलेल्या भांड्याकुंड्यांसाठी हळहळू नये, अपघातातून उठलेल्याने लंगडण्याबद्दल कुरकुर करू नये, आणि ज्याची छाती उघडून, हृदय थांबवून व पुन्हा चालू करून ज्याला घरी धाडले त्याने छाती दुखते असे म्हणू नये, असा तो निकाल आहे. ‘जीव वाचला, हे काय थोडे झाले?’ ह्या एका वाक्यात तो सुनावला जातो आणि त्यावर अपील चालत नाही. विशेष हे की ह्या बाबतीत आस्तिक आणि नास्तिक यांच्यात काडीमात्र मतभेद दिसत नाही. पहिला म्हणतो देवाने तारले, दुसरा म्हणतो शास्त्राने तारले. तारणारा कोण हा त्यांचा वाद शतकानुशतके मिटलेला नाही, परंतु तरलेल्याने आता मुकाट राहावे याविषयी दोघांचे एकमत आहे. मी स्वतः ह्या प्रकरणात एक पक्षकार असल्यामुळे माझी कैफियत निःपक्षपाती असल्याचा दावा मी करणार नाही. मात्र ती नुसत्या कण्हण्याची होऊ नये, एवढी खबरदारी घेण्याचा माझा प्रयत्न आहे.

हृदयातून निघून प्रथम वर चढणारी आणि मग वळसा घेऊन पाठीच्या कण्याकडे उतरणारी जी महाधमनी, तिच्या चढत्या भागाला माझ्या बाबतीत फुगा आला होता. तीन-साडेतीन सेंटीमीटर व्यासाचा हा भाग काही माणसांत वाढलेल्या रक्तदाबामुळे, काहींत जन्मजात दुबळेपणामुळे, तर काहींत निव्वळ वयोमानाने हळूहळू विस्तारत जातो, आणि विस्तार साडेपाच सेंटीमीटरच्या घरात पोचला की धमनी फाटण्याचे भय शस्त्रक्रियेच्या भयाहून मोठे ठरते, असा वैद्यकाचा सर्वसाधारण दंडक आहे. मला त्याचा पत्ता कधीच लागला नव्हता. मोतीबिंदू काढण्यापूर्वी प्रकृतीचा दाखला हवा म्हणून जी ‘टू-डी एको’ केली, तिच्यात तो सापडला. जिने चढताना दम नाही, छातीत कळ नाही, झोपेत व्यत्यय नाही. ज्या दिवशी मी जगातील अत्यंत धोक्यात असलेल्या माणसांपैकी एक होतो, त्या दिवशीही मी भाजीची पिशवी हातात घेऊन बाजारातून पायी घरी आलो होतो.

ह्या व्याधीवर उपाय निघाला त्याला अजून शतकही लोटलेले नाही. जॉन गिबन यांनी १९५३ च्या मे महिन्यात फिलाडेल्फिया येथे हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम काही काळ यंत्राकडे सोपवून हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी केली, आणि अवघ्या तीन वर्षांनी, १९५६ साली, ह्यूस्टनमध्ये डेंटन कूली आणि मायकेल डिबेकी यांनी त्याच तत्त्वाचा आधार घेऊन महाधमनीचा चढता, फुगलेला भाग कापून बदलून दाखवला. निकामी धमनीच्या जागी बसवावयाची नळी कशाची करावी हा प्रश्न पडला तेव्हा डिबेकींनी डेक्रॉनचे कापड आणून घरच्या शिवणयंत्रावर स्वतः नळ्या शिवून पाहिल्या. लहानपणी आईने शिवण शिकवले होते, ते असे उपयोगी पडले. माझ्या हृदयातून निघणारे रक्त आज त्याच जातीच्या विणलेल्या नळीतून वाहते आहे. परंतु त्या नळीपर्यंत पोचण्यासाठी छातीचे मधले हाड करवतीने उभे चिरावे लागते, बरगड्या दोन्ही बाजूंना ताणून धराव्या लागतात, आणि काम उरकल्यावर हाडाचे दोन्ही भाग पोलादी तारांनी एकत्र बांधावे लागतात. हाड तीन महिन्यांच्या सुमारास सांधते. शेजारीपाजारी ज्याला सरसकट ‘बायपास’ म्हणतात, त्या सर्वच शस्त्रक्रियांची वाट बहुधा हीच.

हाड सांधले म्हणजे दुखणे संपले, असा सर्वांचा, माझाही, समज होता. तसे झाले नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट आवळून धरण्याचे दिवस संपले, डॉक्टरांनी वजन उचलण्याची बंदी उठवली, जखमेची रेघ फिकट पडली. आणि तरीही त्या रेघेच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा एक पट्टा असा राहिला की तो एकाच वेळी बधिर आणि जळजळीत आहे. बोटाने दाबले तर तेथे काही कळत नाही, आणि सदऱ्याची बटणपट्टी नुसती घासली तर निखारा लागल्यासारखे होते. थंडीत पहाटे छातीच्या आत कोणी तार पिळल्याचा भास होतो, आणि ताणल्या गेलेल्या बरगड्यांचे सांधे पाठीकडून आपली तक्रार नोंदवतात. वैद्यकात ह्या प्रकाराला रीतसर स्थान आहे. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना ही स्वतंत्र विकार मानली जाते. जंतुसंसर्ग, हाडाचे हलणे, हृदयाचा दोष अशी कारणे तपासून वगळली, की उरतात दुखावलेल्या मज्जातंतूंचे चुकीचे निरोप. त्यांवर गोळ्या आहेत, बधिरतेच्या पट्ट्या आहेत, व्यायाम आहेत; कधी कधी एखादी बोचणारी तार काढूनही टाकतात. पुष्कळांना आराम पडतो, काहींना थोडा पडतो, आणि काहींना ती सोबत घेऊन राहावे लागते.

ह्या सर्व हकिकतीत मला सर्वांत चिंतनीय वाटते ती गोष्ट अशी की, जो विकार मला मारणार होता तो एक शब्द बोलला नाही आणि ज्या उपचाराने मला वाचवले तो अद्याप बोलायचे थांबत नाही. वेदना ही धोक्याची सूचना देणारी ईश्वरी योजना आहे असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि विस्तवावर पडलेला हात मागे ओढला जातो तेथे ते खरेही आहे. परंतु धमनी फुगत असताना ही योजना वर्षानुवर्षे झोपून राहिली आणि धोका टळल्यानंतर अहोरात्र ओरडत सुटली. जिच्या तीव्रतेचे संकटाच्या प्रमाणाशी काही नाते नाही, तिच्यात कोणी संदेश वाचू लागले, मग तो शिक्षेचा असो, परीक्षेचा असो किंवा कृपेचा असो, तर वाचणाऱ्याने थोडे सावध असावे. मनुष्याचा स्वभाव मात्र असा की, निरर्थक वेदना त्याला सोसवत नाही. ती सार्थ आहे असे कोणी पटवले तर दुप्पट वेदनाही तो पत्करतो. म्हणूनच दुखणाइताच्या बिछान्याभोवती वैद्याइतकीच अर्थ सांगणारांची गर्दी होते.

त्यांत पहिला मान कर्मसिद्धांताचा. ‘मागच्या जन्मीचे भोग, भोगूनच संपवायचे’ हे वाक्य मला निरनिराळ्या तोंडांनी ऐकवले गेले, आणि ते बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात दुष्टावा नव्हता. तथापि ज्या परंपरेच्या नावाने ते बोलले जाते त्या परंपरेचे दप्तर उघडून पाहिले, तर इतका सरधोपट निवाडा तेथे सापडत नाही. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धाला सरळ विचारले होते की, मनुष्य जे जे सुख-दुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मानेच, असे काही श्रमण म्हणतात, त्यावर आपले मत काय? बुद्धाने उत्तर दिले की पित्त, कफ, वात, तिन्हींचा संनिपात, ऋतूंचा पालट, अनियमित राहणी, बाहेरून होणारा आघात आणि कर्मविपाक अशी वेदनेची आठ कारणे आहेत. त्या आठांतील एकच उचलून सर्व दुःखांना लावणारे लोक स्वतःच्या अनुभवालाही सोडून बोलतात आणि जगाने सत्य मानलेल्या गोष्टीलाही. करवतीने चिरलेल्या छातीचे दुखणे ह्या आठांपैकी कोणत्या सदरात दाखल करावे, याला फारशा पांडित्याची गरज नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातही अग्निवेशाला आत्रेय हेच समजावतात: आयुष्य सर्वस्वी ठरलेलेच असते, तर औषधी, मंत्र, पथ्य यांच्या वाटेला कोणी गेले नसते आणि पिसाळलेल्या जनावरापुढून पळण्याचेही कारण उरले नसते. दैव आणि पुरुषकार या दोन्हींच्या बलाबलावर त्यांचा सिद्धांत उभा आहे.

प्रारब्धाचा विचार तर ह्या दोषारोपाच्या नेमका उलट दिशेने जातो, हे फार थोडे लोक ध्यानात घेतात. शंकराचार्यांनी ज्ञानोत्तर काळातही प्रारब्ध भोगूनच सरते असे मांडले, ते ज्ञान्याचा देह इतरांसारखाच का झिजतो व का दुखतो याची उपपत्ती लावण्यासाठी. दुखणाऱ्या माणसाच्या चारित्र्याचा पंचनामा करण्यासाठी नव्हे. रामकृष्ण परमहंस १८८६ साली घशाच्या कर्करोगाने गेले. रमण महर्षींच्या डाव्या दंडावरील गाठीवर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि १९५० च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. ह्या उदाहरणांतून काही निघतच असेल तर ते एवढेच, की वेदनेच्या अस्तित्वावरून वेदनाग्रस्ताच्या पापपुण्याचे अनुमान काढता येत नाही. स्वतःच्या आयुष्याची पुढची दिशा ठरवण्यासाठी मनुष्याने कर्मसिद्धांताचा आधार अवश्य घ्यावा. दुसऱ्याच्या बिछान्याशी बसून त्याच्या मागच्या जन्माची वसुली मोजण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळत नाही.

दुसरी सांत्वना अधिक सूक्ष्म आहे आणि म्हणूनच अधिक मोहक आहे. ती म्हणते, वेदना हाच गुरू. ती माणसाला शुद्ध करते, अंतर्मुख करते, देवाजवळ नेते. ह्या मताला आपल्याकडे सर्वांत मोठे उदाहरण शरपंजरी पडलेल्या भीष्माचे दिले जाते. बाणांच्या शय्येवर पडल्या पडल्या पितामहाने युधिष्ठिराला राजधर्म, आपद्धर्म आणि मोक्षधर्म सांगितला; मग तुमच्या दोन-चार तारांची काय कथा, असा त्यातला ध्वनी असतो. भीष्माची कथा मात्र मुळाबरहुकूम वाचावी. भीष्मपर्वात बाण काढण्यात निष्णात असे वैद्य दुर्योधन घेऊन येतो आणि भीष्म त्यांना धन देऊन, सत्कारपूर्वक परत पाठवतो. राजे मऊ उशा आणतात, त्या तो नाकारतो आणि अर्जुनाने तीन बाणांनी दिलेला आधार मस्तकाखाली घेतो. इथवरचे सर्वांच्या स्मरणात असते. शांतिपर्वात पुढे काय घडते ते मात्र सांगणारे सहसा सांगत नाहीत. श्रीकृष्ण त्याला धर्मोपदेश करण्याची विनंती करतो तेव्हा भीष्म ती स्वीकारत नाही. तो म्हणतो की बाणांच्या दाहाने माझी गात्रे पोळत आहेत, बुद्धीला काही सुचत नाही, वाणी अडखळते, अशा अवस्थेत मी काय बोलू? त्यावर श्रीकृष्ण त्याला धीर धर म्हणत नाही, वेदनेचे माहात्म्य सांगत नाही, किंवा पूर्वकर्माचा दाखला देत नाही. तो वर देतो, की तुला ग्लानी, मूर्च्छा, दाह, पीडा, क्षुधा, तृषा यांपैकी काहीही बाधणार नाही. दुसऱ्या दिवशी भीष्म सांगतो की दाह, भ्रम आणि श्रम सारे गेले. आणि मग कुठे तो महान उपदेश सुरू होतो.

महाभारतकारांना वेदना हीच गुरू असे म्हणायचे असते, तर हा वर त्यांना नको होता. तो काढून टाकला असता तरी कथा अडली नसती, उलट भीष्म अधिक भव्य दिसला असता. त्यांनी तो ठेवला, कारण शरीर जळत असताना बुद्धीला धर्म सुचत नाही, हे त्यांना ठाऊक होते. शांती आणि अनुशासन ही दोन विस्तीर्ण पर्वे एका वेदनाशमनाच्या पायावर उभी आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मला स्वतःला वेदनेने जे शिकवले ते असे: पहाटे तीनला जागे राहून घड्याळ पाहणे, नातवाच्या किलबिलाटावर खेकसणे, आणि वाचलेले पान पुन्हा पुन्हा वाचणे. अंतर्मुख होण्याचे जे काही क्षण लाभले ते गोळी लागू पडल्यानंतरचे आहेत.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळणे बरे नव्हे. वैद्यांना परत पाठवणारा भीष्म मग खोटा का? खोटा नव्हे, त्याची स्थिती निराळी होती. त्याने मरणाचा निश्चय केला होता, फक्त उत्तरायणाची मुदत उरली होती. आपल्या काळातील याच व्याधीचे एक उदाहरण घ्या. आइन्स्टाइन यांच्या पोटातील महाधमनीला फुगा होता. १९४८ साली रुडॉल्फ निसेन यांनी तो सेलोफेनमध्ये गुंडाळून काही वर्षे रोखून धरला, आणि १९५५ च्या एप्रिलमध्ये तो फुटला तेव्हा आइन्स्टाइन यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून घेण्यास शांतपणे नकार दिला. आयुष्य कृत्रिम रीतीने लांबवणे त्यांना रुचले नाही. उलट डिबेकींना स्वतःला २००५ च्या अखेरीस, वयाच्या ९७ व्या वर्षी, महाधमनी फाटण्याचा विकार जडला. आधी त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली, पुढे त्यांची शुद्ध हरपल्यावर रुग्णालयात बरीच भवति न भवति होऊन ती करण्यात आली, कित्येक महिन्यांच्या खडतर उपचारानंतर ते उठले, आणि २००८ च्या जुलैपर्यंत, शंभरीला थोडेच दिवस उरले असेपर्यंत, जगले. झाले ते बरेच झाले, असे त्यांनी नंतर सांगितले. ह्या दोघांपैकी कोण अधिक धार्मिक, हा प्रश्नच मला निरर्थक वाटतो. परंतु ज्याने संमतिपत्रावर सही केली, ज्याने जगण्याच्या बाजूने कौल दिला, त्याने त्या जगण्याची पुढची निगा राखणे हे त्याच सहीत अंतर्भूत आहे. जगायचे ठरवून शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि मग वेदनेच्या गोळीला मात्र मोहाची संज्ञा द्यायची, यात मला वैराग्याऐवजी विसंगती दिसते.

आता तितिक्षेचा विचार केला पाहिजे. कारण सहनशीलतेचा पुरस्कार आपल्याकडे ज्या शास्त्राधारे होतो तो मुख्यतः हाच. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तिचे लक्षण त्रिविध आहे: दुःखाचा प्रतिकार करू नये, त्याची चिंता वाहू नये आणि त्यासाठी विलाप करू नये. ही साधनसंपत्ती ज्याने मोक्षाशिवाय इतर सर्व इच्छा मागे टाकल्या अशा अधिकाऱ्यासाठी सांगितली आहे, हे विसरून तिचे पहिले कलम आपण सरसकट सर्वांना लागू करतो, आणि पुढची दोन, जी प्रत्येकाच्या उपयोगाची आहेत, ती मात्र गुंडाळून ठेवतो. बुद्धाच्या चरित्रात ह्याचे अचूक प्रात्यक्षिक आहे. एका बाणाने विद्ध झालेल्यावर दुसरा बाण यावा तसे अज्ञ मनुष्याचे होते, देहाच्या दुःखावर तो मनाचे दुःख ओढवून घेतो, असे सांगणारा तोच बुद्ध, देवदत्ताने लोटलेल्या शिळेची कपची पायात शिरली तेव्हा जीवक वैद्याकडून उपचार करून घेतो. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवे सभागृह बांधले तेव्हा तेथे उपदेश करता करता तो आनंदाला म्हणतो की पुढचे तू सांग, माझी पाठ दुखते आहे, मी जरा आडवा होतो. दुसरा बाण ज्याने कायमचा काढून टाकला, त्याने पहिल्याची वाच्यता करण्यात कमीपणा मानला नाही.

भगवद्गीतेत अर्जुनाला शीतोष्ण आणि सुखदुःख सोसण्याचा जो उपदेश आहे त्याला कारण दिले आहे ते असे की, ही येणारी-जाणारी आहेत, नित्य नव्हेत. ते वाचताना माझ्यासारख्याच्या मनात अटळपणे प्रश्न उठतो: जे आले आणि गेलेच नाही त्याचे काय? ह्या प्रश्नाने मला बरेच दिवस सतावले. नंतर, निरुपायाने का होईना, मी त्या दुखण्याकडे नीट पाहू लागलो. मला दिसले की ज्याला मी ‘माझी वेदना’ म्हणून एकच एक, अखंड वस्तू समजत होतो ती तशी नाही. पहाटेची कळ निराळी असते. ती उन्हे वर येईतो विरते. दुपारी सदऱ्याखालची आग असते, ती कपडा सैल केला की निवते. मधे असे कितीतरी काळ जातात की ज्यांत काहीच नसते, परंतु ते जमेस धरण्याचे मला सुचत नाही. ह्या तुटक तुकड्यांना जोडणारा धागा दुखऱ्या मज्जातंतूंत नसतो. ‘कालही होते, उद्याही असणार, आता हे असेच राहणार’ अशी मनाची जी अखंड बडबड चालते, तिने तो ओवलेला असतो. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञद्वयाने १९६५ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार वेदनेच्या निरोपाला कण्यातच एक दार ओलांडावे लागते आणि मेंदूतून उतरणाऱ्या आज्ञा ते दार कमीअधिक उघडझाप करतात. तेव्हा ह्या बडबडीचा देहावर परिणाम होतो असे म्हणणे ही निव्वळ कविकल्पना नव्हे. गीतेचे म्हणणे अशा रीतीने मला बारीक मापाने पटले. मात्र मी त्याचा डिंडिम वाजवणार नाही. कारण अशाही रात्री येतात की ज्यांत तुकडे वेगळे दिसत नाहीत आणि पाहणाराही जागेवर राहत नाही. अशा रात्री तत्त्वज्ञानाची पुस्तके मिटून डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घ्यावी आणि जी व्यक्ती उठून पाणी आणून देईल तिचे उपकार मानावेत.

उपकारांचा विषय निघालाच आहे, तर मूळ प्रश्नाकडे वळतो. कृतज्ञता आणि तक्रार ह्या परस्परविरोधी वृत्ती आहेत, एक खरी असेल तर दुसरी खोटी ठरते, ह्या गृहीतावर समाजाचा तो निकाल उभा आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात सुखदुःखविवेक नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सुख म्हणजे केवळ दुःखाचा अभाव हे मत त्यांनी खोडून काढले आणि सुख व दुःख ह्या दोन स्वतंत्र वेदना, म्हणजे अनुभूती, आहेत असे प्रतिपादन केले. ते मान्य केले म्हणजे जिवंत असल्याच्या सुखातून छातीच्या दुःखाची वजावट करून बाकी काढण्याचा खटाटोप आपोआप संपतो. माझी उभी हयात सरकारी कोषागारात जमाखर्चाच्या रुजवातीत गेली. जमेची रक्कम कितीही मोठी असली तरी तिच्या जोरावर खर्चाची नोंद खोडता येत नाही. जो खोडतो त्याच्या कीर्दीतील जमेवरही पुढे कोणी विश्वास ठेवत नाही. दुखणे दडवून केलेल्या आभारप्रदर्शनाची मला नेमकी हीच भीती वाटते. त्याने देवाची फसवणूक होत नसेल, पण डॉक्टरांची हमखास होते. ‘छान आहे’ असे सांगून तपासणीच्या खोलीतून बाहेर पडलेल्या माणसाचे दुखणे कोणत्याही कागदावर येत नाही, आणि जे कागदावर नाही त्यावर इलाज होत नाही.

तपासणीच्या अशाच एका दिवशी बाकावर माझ्या शेजारी माळशिरसकडचे एक वारकरी शेतकरी बसले होते. छाती त्यांचीही उघडली होती. गळ्यात तुळशीची माळ, आणि तिच्याखाली, जखमेच्या वरच्या टोकाशी, जुन्या धोतराची चौघडी घडी पिनेने सदऱ्याला आतून टाचलेली. माळ काढता येत नाही आणि ती घासली की आग होते, त्यावर त्यांच्या घरातून काढलेली ही तोड. शस्त्रक्रियेच्या वेळी ती गळ्यातून उतरवणे भाग पडले तेव्हा मनगटाला बांधून ठेवली होती, हेही त्यांनी सांगितले. मी विचारले, ‘माउली, पांडुरंगाने वाचवले आणि त्याच्याच माळेने दुखते, तर त्याला काय म्हणता?’ ते म्हणाले, ‘म्हनायचं काय? रोज भांडतो. आन् हितं आलो की डॉक्टरलाबी सांगतो. इठ्ठल ऐकून घेतो, डॉक्टर गोळी बदलतो.’ एवढे बोलून ते एस.टी.च्या तिकिटात सवलत मिळवताना झालेल्या वादाकडे वळले, आणि त्याही कंडक्टरशी ते भांडलेले होते.

त्या भांडणाला मी अडाणीपणा समजत नाही; त्यामागे सातशे वर्षांची परंपरा उभी आहे. नामदेव विठ्ठलावर रुसतात, जनाबाई त्याला शिव्या घालतात, तुकोबा त्याच्याशी असा कडाक्याचा वाद मांडतात की दुसऱ्या एखाद्या धर्मात तो पाखंडात जमा झाला असता. ह्या संतांना कृतज्ञता ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? त्यांच्या दृष्टीने देव हा हुकूम सोडून निघून जाणारा हाकिम नव्हता. अर्ज, फिर्याद, तगादा आणि रुसवा हे सर्व ज्याच्या दारी खुशाल न्यावे असा तो घरचा होता. ज्याच्याकडे गाऱ्हाणे नेता येत नाही त्याचे आभार मानणे ही रीत दरबारातली, भक्तीतली नव्हे. म्हणून मला असे वाटते की वाचलेल्या माणसाची फिर्याद ही त्याच्या कृतज्ञतेत पडलेली खोट नाही. जगण्याशी आणि जगवणाऱ्याशी त्याचे नाते अजून चालू असल्याचा तो पुरावा आहे. दुसरा बाण टाळायचा तो चिंतेचा आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ ह्या अखंड उजळणीचा. पहिला लागला आहे, अमुक ठिकाणी लागला आहे, असे स्वच्छ सांगणे म्हणजे दुसरा नव्हे.

शेवटी एक विनंती, आणि ती माझ्यासारख्यांना नसून आमच्याभोवती वावरणाऱ्या निरोगी, सहृदय मंडळींना आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्या माणसाने वर्षभराने जर सांगितले की अजून दुखते, तर त्याला तो वाचल्याची आठवण करून देऊ नये. त्या गोष्टीची आठवण त्याला दर सकाळी सर्वांच्या आधी होते. त्याच्या वेदनेला कारण किंवा उद्देश चिकटवण्याचीही घाई करू नये. कोठे दुखते आणि डॉक्टरांना ते सांगितले आहे का, एवढे विचारावे. नसेल सांगितले तर पुढच्या तपासणीला त्याच्यासोबत जावे, आणि देवाचे आभार मानायचे असतील ते त्याचे त्याला मानू द्यावेत.